सोमवारी बंद

उद्यमनगरला सोमवारी सुट्टी.
शटर अर्धं खाली, लेथवर गोणपाट,
कूलंटचा आंबूस वास,
आणि कोपऱ्यात लोखंडाचा कीस, कुरळा, निळसर.
नवाझनं ड्रम मांडले व्हाइसच्या टेबलाला लागून.
स्नेअरवर काठी पडली की खिळ्यांचा डबा
आपणहून वाजायचा.
आम्ही तो हलवला नाही.
पहिल्या गाण्यात नीट ऐका, आहे तो.

तेजल गायची शटरकडे तोंड करून.
आमच्याकडे बघत तिला ओरडता यायचं नाही.
पहिल्या दिवशी काजळ डोळ्यांखाली ओढून आली,
अनुपम म्हणाला, "झोप झाली न्हाई काय गं?"
"स्टाइल आहे ती, येड्या."
मग माइक पुसता पुसता, हळू,
"झोपपण नाही झाली."
ते दुसरं वाक्य म्हणजे आमचं दुसरं गाणं.

आठ गाणी, बत्तीस मिनिटं.
आधी इंग्रजीत रडून बघितलं,
दोन ओळींत शब्द संपले.
मग घरात बोलतो तसंच लिहिलं.
"मी ठीक आहे" अकरा वेळा येतं.
एकदाही खरं नाही.
अनुपमचं डिस्टॉर्शन पेडल
गणपतीतल्या बँजोच्या पैशातलं;
पार्टीवाल्यांना अजून वाटतं, त्यानं चप्पल घेतली.

तिसरं गाणं तेवढं सोमवारचं नाही.
गुरुवार होता, रात्रीचे साडेदहा.
कारखान्याचं गाळप तोंडावर आलेलं,
आप्पांकडे शाफ्टची अर्जंट ऑर्डर,
पार्टिशनपलीकडं लेथ घुमत होतं.
नवाझ म्हणाला, सोमवारी करू.
तेजल म्हणाली, "आज नाही झालं
तर मला परत म्हणता येणार नाही."
गाण्याचं नाव 'उचल'.
भावाचा नंबर अजून तिच्या फोनमध्ये आहे.
रिंग जाते. आता तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे,
इचलकरंजीतला कुणीतरी, भला माणूस,
ऐकून घेतो, चुकून लागला म्हणतो,
ठेवत नाही लगेच.
शेवटच्या "उचल"ला तिचा आवाज फाटला.
एकच टेक. कुणी काही बोललं नाही.
पलीकडं लेथ चालूच.

शंभर सीड्या काढल्या.
वाजवायचं यंत्र कुणाच्याच घरी नाही
हे नंतर लक्षात आलं.
बारा खपल्या, त्यातल्या चार नवाझच्या मामूनं घेतल्या.
बाकीच्यांपैकी काही तेजलच्या आईनं
गच्चीत सांडग्यांवर टांगल्या, दोरीनं.
ऊन पडलं की भिंतभर आमचं नाव फिरतं,
कावळे बिचकतात.
आमचं एवढं तरी कुणी मनावर घेतलं.

आप्पा गाण्यातले नव्हेत.
एकदाच म्हणाले होते, जेवताना, ताटात बघत,
"एवढं ओरडायचं होतं तर घरात सांगायचं."
काय सांगायचं, ते त्यांनी विचारलं नाही
आणि मी रस्सा वाढून घेतला.

महिन्याभरानं, मंगळवारी सकाळी,
चाव्या घेता घेता म्हणाले,
"त्या तिसऱ्या गाण्यात खालनं एक घरघर येत्या."
मी म्हटलं, बास आहे तो. माझा.
"तुझा वेगळा. ही त्येच्या खाली.
हेडस्टॉकचं बेअरिंग गेलंय.
रोज शेजारी उभा राहून मला ऐकू आलं न्हाई."
मग बराच वेळ चावी सापडेना त्यांना,
हातातच होती.
"पोरगी फोन करत्या ती,
त्येच्या आधी ऐकलं. मग परत लावलं.
परत तिथंच येतंय."

म्हणजे दोनदा तरी.
म्हणजे पहिलं, दुसरंही.
मी अकरा वेळा ठीक आहे, तेही.

बेअरिंग त्याच दिवशी बदललं.
आता लेथ गुपचूप फिरतं
आणि 'उचल' कुठंही वाजवलं,
शाहूपुरीत, सांगलीत, त्या एका कॉलेजात,
तरी खालून काहीतरी कमी पडतं.
तेजल मागं वळून बघते.
मी स्ट्रिंग अर्धी उतरवून बघितली. नाही येत.

पुढच्या सोमवारी शटर उचललं तर
माझ्या अँपवर जुनं बेअरिंग,
केरोसीननं पुसलेलं, खाली वर्तमानपत्राची घडी.
चिठ्ठी वगैरे काही नाही.
बोटानं फिरवलं.
नवाझनं काठ्या खाली ठेवल्या.